डाव्या खिशातला चिंचोका

मामू कधीच 'एक' म्हणत नसत. सिमेंटच्या गोणी असोत, पापलेट असोत की जिन्याच्या पायऱ्या, मोजणी 'बरकत' या शब्दाने सुरू होई आणि पुढे दोन, तीन, चार अशी सरळ जाई. कोकणात धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणायची रीत आहे. मुसलमान घरांत त्यालाच बरकत म्हणतात. बहुतेक माणसे ही रीत खळ्यावरच सोडून येतात. मामूंनी ती रत्नागिरीच्या खाडीकाठावरून मुंबईच्या धक्क्यावर नेली, तिथून कुवेतला आणली आणि शेवटी मोटारींच्या एका वार्षिक शर्यतीला लावली. ती शर्यत बंद पडून बरीच वर्षे झाली. ती का बंद पडली हे सांगायचे तर मामूंविषयीच सांगावे लागते.

मामू हे त्यांचे नाव नव्हे. त्यांचा भाचा त्यांना मामू म्हणे, म्हणून कुवेत शहराच्या बनेद अल-गार वस्तीतल्या आमच्या घरातले सगळेच म्हणू लागले. त्या घरात आम्ही पाच जण राहत होतो: मामू, भाचा, रायगडकडचे दोन खलाशी आणि मी. मामूंची उंची बेताची, मान लांब, अंगात बाराही महिने दोन खिशांचा कोट. कानावर पेन्सिल असे. तिने काही लिहिताना त्यांना कोणी पाहिले नाही.

आमचे ऑफिस बंदराजवळच्या शर्क भागात, मासळी बाजारापासून हाकेच्या अंतरावर होते. मालक क्लिअरिंग एजंट, म्हणजे बंदरातून लोकांचा माल सोडवून देणारे. मी टायपिस्ट आणि मामू टॅली क्लार्क, म्हणजे गलबतातून उतरणाऱ्या मालाची मोजदाद करणारे. फळीवरून हमाल गोणी घेऊन उतरे, मामू दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात एक चिंचोका टाकत. दोन फळ्या लागल्या तर दोन डबे. अशा वेळी ते डाव्या हाताने एक आणि उजव्या हाताने दुसरी मोजणी चालवत आणि तोंडाने तिसऱ्याच माणसाशी सुरमईच्या ताजेपणावरून वाद घालत.

चिंचोके गावाहून येत. दरवर्षी कोणी ना कोणी सुटीवरून परतताना एक पुरचुंडी आणी. भाचा एकदा म्हणाला, "मामू, हय खजुराच्या बिया फुकट पडल्यात. त्या वापरा ना."

"खजुराची बी घसरते."

"आणि चिंचोका?"

"चिंचोका बसतो. तुज्यासारखा नाय, सारखा इकडंतिकडं."

मासळी बाजारात त्यांचा एक ठरलेला इराणी विक्रेता होता. पहिला मासा टोपलीत टाकताना मामू 'बरकत' म्हणत. वर्षभरात तो विक्रेताच म्हणू लागला. शब्द त्याच्याही ओळखीचा होता. मामूंना ते आवडले नाही. मोजणारा एकच असावा, असे त्यांचे मत होते, आणि हे त्यांच्या मोजक्या मतांपैकी एक होते. एरवी ते म्हणत, "मोजणाऱ्याला मत नसावं. मत आला की हात जड होतो."

घरच्या मालाची रीत मात्र वेगळी होती. महिन्याचा तांदूळ आला की मामू तो पिंपात मापून भरत. पहिले माप भरून ते काही न बोलता बाजूला ठेवत; ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या चौकीदाराचे. त्या मापाचा चिंचोका डब्यात न पडता त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात जाई. त्यानंतर बरकत, दोन, तीन. मी एकदा विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, "परक्याच्या मालात पहिला माप तोच बरकत. घरच्या मालात आधी एक माप द्यायचा, मग मोजायचा. दिलेला मोजत नाय." पुढे जे झाले ते समजायला एवढे पुरेसे आहे.

शर्यत पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. दक्षिण किनाऱ्यावर मीना अब्दुल्ला या बंदराच्या बाजूला तेलाची कामे वाढली होती आणि कंत्राटदारांच्या वर्कशॉपमागे भंगार गाड्यांचे ढीग साठले होते. तिथल्या इंग्रज आणि अमेरिकन साहेबांचा एक क्लब होता. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी दुपारी त्यांनी आठ भंगार गाड्या बाहेर काढल्या, त्यांच्या काचा उतरवल्या, दारे वेल्ड केली आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या जमिनीवर तेलाची रिकामी पिंपे लंबगोल मांडून त्यांच्याभोवती तीस फेऱ्यांची शर्यत लावली. गाड्यांनी एकमेकींना धडक देण्याला मनाई नव्हती. लोकांना तेच पाहायचे होते.

पहिल्या वर्षी फेऱ्या मोजायला तीन साहेब कागद-पेन्सिल घेऊन बसले. धुळीत गाड्यांवरचे नंबर दिसेनात, दोन नंबर तर दारासकट गळून पडले. शेवटी तीन कागदांवर तीन वेगळे विजेते निघाले आणि कप कोणालाच मिळाला नाही.

त्यानंतर क्लबचा सेक्रेटरी टायर सोडवून घ्यायला आमच्या ऑफिसात आला होता. हा इंग्रज गृहस्थ कराचीच्या बंदरात बरीच वर्षे काढून आला होता आणि हिंदुस्तानी बोलत असे. धक्क्यावर मामू दोन फळ्या एकदम मोजत होते. तो पाहत उभा राहिला.

"दो गँग एक साथ गिनते हो?"

"चार हों तो चार," मामू म्हणाले.

"आठ मोटर?"

"मोटर बोरी उठाती है क्या, साहब?"

"नहीं. गोल घूमती है."

"तो आसान है. बोरीवाला बीच में बिडी पीने बैठता है."

दुसऱ्या वर्षापासून मामू मोजणीला बसले आणि मी त्यांच्यामागे निकाल टाईप करायला. पुढची सात वर्षे निकालाबद्दल एकही तक्रार आली नाही. धडकांबद्दल आल्या, पेट्रोलबद्दल आल्या, एका साहेबाच्या कुत्र्याबद्दल आली. मोजणीबद्दल नाही.

त्यांची व्यवस्था साधी होती. आखलेल्या रेषेसमोर एक टेबल, टेबलावर आठ डबे, चिंचोक्यांची पिशवी आणि बसायला लाकडी खोके. टेबल आणि रेषा यांच्यामध्ये कोणी उभे राहायचे नाही. गाड्यांचे नंबर ते बघत नसत. सराव चालू असताना ते गाड्यांच्या चालीवरून त्यांना होड्यांची नावे देत. लांबरुंद अमेरिकन गाडी असेल तर पडाव, छोटी इंग्रज असेल तर होडकं, एका बाजूला कलून पळणारी ती गळका मचवा. मग रंग उडो, नंबर गळो, मामूंना फरक पडत नसे. आठ मोजण्या ते एकदम पुटपुटत आणि ज्या गाडीची तिसावी फेरी पुरी होई तिच्यासाठी हात वर करत. हात वर झाला की सेक्रेटरी झेंडा पाडी. हात वर होईपर्यंत शर्यत संपलेली नसे.

एकदा कोणा मोठ्या साहेबाच्या पत्नीने खोक्याजवळ येऊन इंग्रजीत विचारले, पुढे कोण आहे? मामूंनी तिच्याकडे न बघता आवाज चढवून मोजायला सुरुवात केली. "बारा! अकरा! बारा! नऊ!" बाई दोन पावले मागे सरल्या. शर्यत संपल्यावर मामूंनी माझ्यामार्फत त्यांची माफी मागितली आणि पुढच्या वर्षी जरा लांब उभे राहायला सांगितले.

दुसऱ्या एका वर्षी होडकं पिंपावर आदळले, गरकन फिरले आणि उलट्या तोंडाने टेबलाच्या दिशेने घसरत आले. सेक्रेटरी पळाला, मी पळालो, टाईपरायटर राहिला. गाडी टेबलापासून चार हातांवर थांबली. धूळ बसली तेव्हा मामू खोक्यावरच होते आणि होडक्याच्या डब्यात चिंचोका टाकत होते. यावर मात्र चर्चा झाली. एका साहेबाचे म्हणणे पडले की उलटी आलेली गाडी फेरीत धरता येणार नाही.

"रेषा ओलांडली," मामू म्हणाले. "कशी ओलांडली ता माजा काम नाय."

मी भाषांतर केले. फेरी धरली गेली.

भाचा त्याच भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. मामूंच्या मृत बहिणीचा मुलगा. त्याला मामूंनीच वाढवले, मामूंनीच कुवेतला आणले. मामूंना दुसरे कोणी नव्हते. भाच्याचे वय सव्वीस, हात कामाचे आणि तोंड बंद न होणारे. शर्यतीतल्या आठांपैकी निम्म्या गाड्या दरवर्षी तो आणि त्याचे सोबती तयार करत. चालवत मात्र साहेब. कप साहेबांच्या बारमध्ये जाई आणि मेकॅनिकांना पाठीवर थाप मिळे. दरवर्षी शर्यतीनंतर भाचा घरी येऊन तेच बोले, "गाडी मी उभी केली, मामू. त्याने नुसती वळवली."

"मग तू पण वळव," मामू म्हणत.

"कोण देतंय?"

कुवेतमध्ये रुपयाच्या जागी दिनार आल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात क्लबने ते दिले. वर्कशॉपच्या गाडीला त्या वर्षापुरती परवानगी मिळाली, चालवणारा भाचा. मेकॅनिकांनी दोन मोडक्या टॅक्सींच्या शाबूत अर्ध्या भागांना जोडून एक गाडी केली आणि तिला निळा रंग फासला. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. गावी पत्रे गेली. एका खलाशाने आपली बोट एका फेरीपुरती सोडून रजा घेतली.

मामू एके संध्याकाळी सेक्रेटरीकडे गेले. मी सोबत होतो. "साहब, इस साल किसी और को बिठाओ. मेरा लडका दौड रहा है."

"और किसको?" सेक्रेटरी म्हणाला. "वो तीन कागजवाले?"

मामू परत आले ते गंभीर होऊनच. त्या दिवसापासून ते भाच्याशी शर्यतीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्याने टेबलावर इंजिनाचा कुठलासा भाग ठेवला तर तिकडे पाठ करून जेवत. निळ्या गाडीला त्यांनी होडीचे नावही दिले नाही. फक्त 'आठवी' म्हणत. आपला हात जड होऊ नये यासाठी माणूस जेवढे करू शकतो तेवढे त्यांनी केले, असे मला आजही वाटते.

शर्यतीची हकीकत थोडक्यात अशी. निळी गाडी सुरुवातीपासून पहिल्या दोघांत होती. दुसरी गाडी लाल, म्हणजे पडाव. चालवणारा एक कंत्राटी इंजिनियर, उमदा माणूस. अकराव्या फेरीच्या सुमारास कोणीतरी निळीला मागून ठोकले आणि पुढचा बंपर सुटून चाकाला घासू लागला. भाच्याने गाडी बाहेरच्या कडेला घेतली, मेकॅनिकांनी लाथा मारून बंपर तोडला आणि गाडी परत आत शिरली. तेवढ्यात पडाव पुढे गेला होता. किती पुढे गेला ते कोणालाच नीट सांगता येईना. निळीची एक फेरी गेली असे बहुतेकांनी धरले. पुढच्या पंधरावीस फेऱ्या निळी गाडी वेड्यासारखी पळाली. शेवटी ती रेषेवरून गेली, पाठोपाठ काही क्षणांत पडाव गेला आणि पडाव रेषेवर असताना मामूंचा हात वर झाला.

झेंडा पडला. लाल गाडी पहिली. निळीच्या फेऱ्या एकोणतीस.

मेकॅनिक हिरमुसले, पण कोणी भांडले नाही. मामूंची मोजणी होती. मी निकाल टाईप केला, सेक्रेटरीने सही केली, इंजिनियरच्या हातात कप आला. मामू डब्यातले चिंचोके पिशवीत ओतत होते. धुळीने डोळे चुरचुरत होते म्हणून त्यांनी रुमालासाठी डाव्या खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला.

हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक चिंचोका होता.

"टंकणाऱ्या," ते मला म्हणाले. मला ते कधीच नावाने हाक मारत नसत. "आठवीची पहिली फेरी मी देऊन टाकली."

मला कळायला वेळ लागला. त्यांना लागला नव्हता. पहिल्या फेरीला भाच्याची गाडी समोरून गेली तेव्हा हाताने घरचा माल ओळखला होता आणि हाताच्या सवयीने पहिला चिंचोका बाजूला ठेवला होता. डोक्यातली मोजणीही दुसऱ्या फेरीपासून सुरू झाली होती. बाकी सातांच्या डब्यांत पहिली फेरी होती. निळीची तीस पुरी झाली होती आणि ती पडावाच्या आधी झाली होती. पहिला नंबर भाच्याचा होता.

मामू उठले आणि टेबलावर थाप मारली. ते सगळ्या जमावाला उद्देशून बोलताना मी पहिल्यांदाच पाहिले.

"साहब, गिनती गलत है. मेरी गलती. निळी गाडी जीती है."

दोनएकशे माणसे टेबलाकडे वळली. मग पाठीमागून कोणीतरी हसले. इंग्रजीत कोणीतरी म्हणाले की मामाला आता आठवले वाटते. इंजिनियर कप हातात धरून उभा होता. तो पुढे करावा की नाही हे त्याला समजेना. सेक्रेटरीने पुरावा काय म्हणून विचारले. मामूंनी चिंचोका दाखवला. हसणे वाढले. पिशवीत तसले शेकडो होते.

"सात साल," मामू म्हणाले. "सात साल में मैंने कभी झूठ गिना?"

सेक्रेटरी खरोखरच विचारात पडला होता. तो हो म्हणाला असता असा माझा अंदाज आहे. तेवढ्यात भाचा पुढे आला. तोंड काळे, हात रक्ताळलेले. हसणाऱ्यांकडे त्याने एकदा बघून घेतले.

"मामूंनी आधी मोजला ताच बरोबर," तो म्हणाला, आणि मग हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "गिनती सही है. एकोणतीस. बंपर गिरने के बाद मैं एक बार पिंप के अंदर से काट के आया. वो फेरी मेरी नहीं है. मामू को मालूम नहीं."

नियम असा होता की पिंपांच्या आतून कापून आलेली फेरी धरायची नाही. प्रश्न मिटला. सेक्रेटरीने भाच्याचा हात हातात घेऊन त्याच्या प्रामाणिकपणाची तारीफ केली. टाळ्या पडल्या. मामू भाच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसले नाही.

लोक पांगू लागले तेव्हा मामू चालायला लागले. त्या जमिनीवर मिठाचा पापुद्रा असतो; त्यावर चाक गेले तर पुढच्या पावसापर्यंत खूण राहते. मामू पिंपांच्या आतल्या बाजूने, पिंपाला हात लावत, पूर्ण लंबगोल फिरले. मी त्यांच्यामागे होतो. आत एका कुत्र्याची पावले होती. चाक कुठेच नव्हते.

ट्रकजवळ भाचा वाट बघत होता. "मामू, बसा. उशीर झाला."

"आत चाक गेलेलाच नाय."

"ऱ्हावदे ना."

"तू जिंकलास."

"मना म्हायतीय," भाचा म्हणाला. "फेऱ्या मीपण मोजत होतो. पण तुमाना हसत होते ते. मना नाय बघवला."

"मना हसले तर तुजा काय गेला?"

"सात वर्षांची तुमची गिनती गेली असती."

"ती आता गेली," मामू म्हणाले. "चुकलेली गिनती दुरुस्त करता येते. तू चुकलेली खरी केलीस. आता ती कशी दुरुस्त करू?"

मामू ट्रकमध्ये चढले आणि पाठ करून बसले.

त्यानंतर ते भाच्याशी बोलेनासे झाले. भांडण असे काही नव्हते. दोघे एकाच खोलीत झोपत, एकाच ताटाभोवती जेवत. फक्त बोलणे माझ्यामार्फत होई.

"त्याला सांग, मीठ इकडं दे."

मी सांगे. मीठ येई.

"मामूंना विचार, रस्सा तिखट झालाय का?"

"सांग त्याला, झालाय. आणि सांग, वाईट नाय."

भाच्याला ताप आला तेव्हा तीन रात्री मामू त्याच्या उशाशी बसले आणि मला उठवून विचारायला लावले की पाणी हवे आहे काय. मी एका गावकऱ्याच्या लग्नासाठी महिनाभर मुंबईला गेलो तेव्हा हे काम खलाशाकडे सोपवून गेलो होतो. परतल्यावर त्याने चार्ज देताना सुटकेचा श्वास सोडला.

मामूंनी मोजणीचे काम सोडले. पुढच्या वर्षी क्लबने टेबलावर तीन माणसे बसवली आणि तीन घड्याळे दिली. दोन विजेते निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी पाच माणसे बसवली. तेव्हा निकाल आठवडाभर लागला नाही आणि दोन साहेबांनी एकमेकांशी बोलणे टाकले. त्यांच्याकडे टायपिस्ट नव्हता. तिसऱ्या वर्षी शर्यत झाली नाही. अधिकृत कारण असे देण्यात आले की रिफायनरीच्या कुंपणासाठी जागा लागणार आहे. कुंपण आले हे खरे आहे. ते आणखी वर्षभराने आले.

मामू मात्र दरवर्षी शर्यतीच्या महिन्यात क्लबला एक पत्र पाठवत. सांगत ते, इंग्रजीत टाईप करत असे मी. पहिल्या पत्रात सगळा खुलासा होता: निळ्या गाडीच्या फेऱ्या एकोणतीस नसून तीस होत्या, चूक मोजणाऱ्याची होती, चालकाचे निवेदन खोटे असून जमिनीवर चाकाची खूण नव्हती, कृपया निकालाचा कागद दुरुस्त करावा. दुसऱ्या वर्षीचे पत्र अर्धे झाले. तिसऱ्या वर्षी शर्यतच नव्हती, तरी पत्र गेले. त्यात एवढेच होते: आधीची दोन पत्रे पाहावीत. क्लबकडून दर वेळी छापील पोच येई.

"मामूंना सांग," भाचा एकदा वैतागून म्हणाला, "कप परत मिळणार नाय. तो इंजिनियर पण कप घेऊन आपल्या देशात गेला."

"त्याला सांग, कप कोणी मागितलाय?" मामू म्हणाले. "कागद मागतोय."

क्लब त्याच सुमारास मोडला. एका शुक्रवारी सकाळी आमच्या दारात एक गाडी थांबली आणि सेक्रेटरी उतरला. तो कायमचा मायदेशी निघाला होता. क्लबच्या फायली जाळायला काढल्या असताना मामूंची तिन्ही पत्रे एकत्र सापडली, असे त्याने सांगितले. त्याने ती ओळीने वाचली होती. मग त्याने त्या वर्षीच्या निकालाचा कागद शोधून काढला होता. माझाच टाईप. पहिल्या ओळीतले इंजिनियरचे नाव शाईने खोडून तिथे भाच्याचे नाव लिहिले होते, दुसऱ्या ओळीत इंजिनियरचे, आणि बाजूला सेक्रेटरीची सही.

"लो, मामू," तो म्हणाला. "देर से, मगर सही."

भाचा अंगणात बनियनवर दाढी करत होता. फेस तसाच ठेवून तो जवळ आला आणि मामूंच्या खांद्यावरून कागद पाहू लागला. मामूंनी चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. मग परत केला.

"साहब, गलत है."

"अब क्या?"

"पहला नंबर एकोणतीस फेरी और दूसरा नंबर तीस? ऐसा कौन जीतता है?"

सेक्रेटरीने कागद पाहिला. नावे बदलताना फेऱ्यांचे आकडे तसेच राहिले होते: भाच्यापुढे एकोणतीस, इंजिनियरपुढे तीस. तो हसला. मामू हसले नाहीत. सेक्रेटरीने खिशातून पेन काढले, कागद गाडीच्या बॉनेटवर पसरला, भाच्यापुढचा आकडा खोडून तीस केला आणि कडेला सही केली.

"तारीख," मामू म्हणाले.

त्याने तारीख घातली.

मामूंनी कागद हातात घेतला आणि शाई वाळेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग भाच्याकडे वळून म्हणाले, "साहेबाना चहा टाक."

तीन वर्षांच्या सवयीने मी भाच्याकडे तोंड केले आणि सांगायला लागलो की मामू म्हणताहेत, चहा टाक.

"तू गप," मामू मला म्हणाले. "मी त्याला सांगितला."